ब्रेक मारणाऱ्या यंत्राची परीक्षा

४ मार्च २०२२. तेलंगणातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान एक इंजिन निघालं. त्याच रुळावर पुढे दुसरं इंजिन होतं. मागच्या इंजिनात रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव, पुढच्यात रेल्वे मंडळाचे अध्यक्ष. मागचं इंजिन पुढच्यापासून ३८० मीटर अलीकडे आपोआप थांबलं. ब्रेक मारला तो ‘कवच’ या भारतीय यंत्रणेच्या सॉफ्टवेअरने.

टीव्हीवर दाखवायला याहून चांगली चाचणी नाही. पण अशी यंत्रणा ज्यांच्या सहीने रुळावर येते, त्या अभियंत्यांच्या लेखी हा पेपरातला सोपा प्रश्न. रेडिओ सुरू आहे, चाकं घसरत नाहीत, रुळावरच्या खुणा वाचल्या जात आहेत, पुढच्या गाडीचा ठावठिकाणा ठाऊक आहे. अशा वेळी यंत्र थांबलं, एवढंच त्यातून कळतं. यातलं काहीतरी हुकलं की यंत्र काय करतं, हे शोधणं म्हणजे खरी परीक्षा. आणि ती बहुतेक वेळा मंत्री नसताना, एखाद्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर होते.

हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. वसईजवळच्या सातिवलीतल्या औद्योगिक गाळ्यांत कामाला येणारा माणूस वसई रोडला लोकलमधून उतरतो, तेव्हा त्याच्या गाडीत असंच एक जुनं यंत्र मोटरमनच्या सोबतीला असतं. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या मुंबई उपनगरी जाळ्यात ३६४ किलोमीटरवर ‘ऑक्झिलियरी वॉर्निंग सिस्टिम’ आहे. रुळालगतच्या चुंबकांवाटे सिग्नलची स्थिती गाडीत पोहोचते आणि मोटरमनने इशाऱ्याला प्रतिसाद दिला नाही तर ब्रेक लागतो. कवच ही त्याच विचाराची पुढची, कितीतरी जास्त हुशार पायरी. आणि हुशारी वाढली की परीक्षाही अवघड होते.

एक अब्ज तासांचं गणित

सुरक्षेच्या यंत्रणांना चार दर्जे दिले जातात. त्यातला सर्वांत कडक म्हणजे सिल-४, आणि कवचला तोच लागतो. त्याचा साधा अर्थ असा: धोका निर्माण करणारा बिघाड तासाला दहा कोटींत एकापेक्षा कमी वेळा, म्हणजे दहा कोटी ते एक अब्ज तासांत फार तर एकदा व्हावा.

आता हे गाडी चालवून सिद्ध करायचं म्हटलं तर? एक अब्ज तास म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार वर्षं. हजार इंजिनं रात्रंदिवस धावत ठेवली तरी ११४ वर्षं लागतील, आणि संख्याशास्त्राला पटेल इतका विश्वास हवा असेल तर त्याच्या तिप्पट. नासाच्या लँगली केंद्रातले रिकी बटलर आणि जॉर्ज फिनेली यांनी १९९३ मध्येच हे गणित मांडून सांगितलं होतं, की जिवावर बेतणाऱ्या सॉफ्टवेअरची विश्वासार्हता केवळ चाचण्या घेऊन मोजणं व्यवहारात अशक्य आहे.

म्हणून या क्षेत्रात ‘खूप चालवून पाहिलं, काही झालं नाही’ या वाक्याला फारशी किंमत नाही. त्याऐवजी पुरावा अनेक बाजूंनी गोळा केला जातो. एकाच निर्णयासाठी दोन किंवा तीन संगणक स्वतंत्रपणे हिशेब करतात. दोघांचं जुळलं नाही, तर यंत्र वाद घालत बसत नाही, सुरक्षित बाजूला जातं. सॉफ्टवेअरकडून असलेली प्रत्येक अपेक्षा आधी लिहून काढली जाते, आणि कोडची कोणती ओळ कोणत्या अपेक्षेपोटी आली, कोणत्या चाचणीने ती तपासली, याचा माग शेवटपर्यंत ठेवला जातो. ज्या ओळीला अपेक्षा नाही ती ओळ काढून टाकायची, ज्या अपेक्षेला चाचणी नाही ती अपूर्ण समजायची. ज्याने कोड लिहिला त्याने तो पास करायचा नाही, आणि शेवटचा शेरा मारणारा तपासनीस तर प्रकल्पाच्या बाहेरचाच असावा लागतो.

एका कसोटीचं उदाहरण घेऊ. ‘सिग्नल लाल असेल आणि उरलेलं अंतर कमी असेल, किंवा रेडिओ गप्प असेल, तर ब्रेक लाव’ असा नियम आहे. सगळ्या अटी एकदम खऱ्या करून ब्रेक लागला, म्हणजे नियम बरोबर असं नाही. बाकीच्या अटी तशाच ठेवून फक्त अंतराची अट बदलली की निकाल बदलतो का, मग फक्त सिग्नलची, मग फक्त रेडिओची, असं प्रत्येक अटीचं वजन वेगळं सिद्ध करावं लागतं. विमानातल्या सर्वांत जोखमीच्या सॉफ्टवेअरला ही कसोटी सक्तीची आहे. तीन अटींत हे सोपं वाटतं. खऱ्या यंत्रणेत असे नियम शेकड्यांनी असतात.

चाकाचा व्यास आणि पावसाळा

टेबलावरच्या परीक्षेत खरा संगणक असतो, पण गाडी खोटी असते. संगणकाला वाटतं की आपण १३० च्या वेगाने धावतोय. चाकाचे फेरे, रेडिओचे संदेश, रुळावरच्या खुणा, सगळं दुसरा संगणक बनवून पुरवत असतो. आणि परीक्षक त्यात मुद्दाम खोट घालतो.

कवचला आपण कुठे आहोत हे दोन मार्गांनी कळतं. रुळांमधल्या स्लीपरवर बसवलेले आरएफआयडी टॅग इंजिनाखालचा वाचक वाचतो, आणि दोन टॅगांच्या मधलं अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजलं जातं. आता आपल्याकडच्या मोठ्या विजेच्या इंजिनाचं नवं चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि झिजत झिजत १०१६ पर्यंत वापरलं जातं. समजा चाक नवं बसवलं, पण यंत्रात नोंद झिजलेल्या चाकाचीच राहिली. यंत्र सात टक्के कमी मोजेल. गाडी १३० ने धावत असताना त्याला १२१ दिसेल, आणि एका किलोमीटरमागे गाडी प्रत्यक्षात सत्तर-पंचाहत्तर मीटर पुढे गेलेली असेल. शेडमधल्या एका आकड्याच्या चुकीने लाल सिग्नल ओलांडला जाऊ शकतो. म्हणून परीक्षक ही चूक करून पाहतो: पुढचा टॅग अपेक्षेपेक्षा लवकर आला हे यंत्राच्या लक्षात येतं का? आलं तर ते काय करतं?

पावसाळ्यात ओल्या रुळावर ब्रेक दाबला की चाक जाम होऊन घसरू शकतं. चाक फिरत नाही, म्हणजे वेग शून्य, असं भोळं सॉफ्टवेअर समजेल, आणि गाडी मात्र घसरत पुढे जात असेल. परीक्षक चाकाचा वेग क्षणात शून्यावर आणतो आणि बघतो, इतक्या झटक्याने कुठलीही रेल्वेगाडी थांबत नाही हे यंत्राला उमगतं का. मग टॅग गायब करायचा. दोन टॅगांचा क्रम उलटा करायचा. शेजारच्या रुळावरचा टॅग वाचायला द्यायचा. रेडिओचा संदेश अर्धा तोडायचा, जुना संदेश नवा म्हणून पाठवायचा. १३० च्या वेगाला गाडी सेकंदाला ३६ मीटर कापते, म्हणून उत्तर बरोबर असून भागत नाही, ते सर्वांत वाईट परिस्थितीतही ठरलेल्या वेळेत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर इथे चूकच धरतात.

कोकणातून मराठवाड्यात

अशा यंत्राचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग कोकण रेल्वेचा. २ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधल्या गैसल इथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली, पावणेतीनशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर अभियंते बी. राजाराम यांच्या पुढाकाराने कोकण रेल्वेने टक्कररोधक यंत्र विकसित केलं. त्याचं नाव ‘रक्षा कवच’. इंजिनातलं यंत्र उपग्रहाच्या जीपीएसवरून आपली जागा ओळखायचं, जवळच्या यंत्रांशी रेडिओवर बोलायचं आणि धोका दिसला की ब्रेक लावायचं. पुढे ईशान्य सीमा रेल्वेवर १,७०० किलोमीटरहून अधिक मार्गावर ते प्रायोगिक तत्त्वावर बसवलं गेलं.

कल्पना धाडसी होती. अडचण आली ती शेजारच्या रुळाची. दोन रुळांमधलं अंतर पाच मीटरच्या आसपास असतं, आणि त्या काळच्या जीपीएसची चूकच कित्येक मीटरची. समोरून येणारी गाडी माझ्याच रुळावर आहे की बाजूच्या, हा प्रश्न कोकणातल्या एकेरी मार्गावर क्वचित पडतो. दुहेरी मार्गावर आणि मोठ्या यार्डात तो दर काही मिनिटांनी पडतो. शंका आली की ब्रेक लावणारं यंत्र मग विनाकारण ब्रेक लावत सुटतं.

विनाकारण लागलेला ब्रेक हा नुसता त्रास समजू नये. दिवसातून चार वेळा गाडी फुकट थांबली, की माणसं यंत्र बंद कसं ठेवायचं याची वाट शोधतात, आणि बंद ठेवलेलं यंत्र खऱ्या वेळी उपयोगाचं नसतं. म्हणून परीक्षेत दोन रकाने असतात: थांबायला हवं होतं आणि थांबलं नाही, आणि थांबायला नको होतं तरी थांबलं. पहिला रकाना कमी करताना दुसरा फुगतो. दोन्ही एकदम खाली आणायचे, तर यंत्राला जास्त पक्की माहिती द्यावी लागते.

आजच्या कवचने तोच मार्ग धरला. २०१२ पासून आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या देखरेखीखाली ते आकाराला आलं, फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या, आणि जुलै २०२० मध्ये ते राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारलं गेलं. कोणत्या रुळावर आहोत हे टॅग सांगतो, आणि स्थानकातला कवच संगणक सिग्नल व सांध्यांची स्थिती थेट त्यांचा मेळ राखणाऱ्या इंटरलॉकिंगकडून घेऊन रेडिओवर इंजिनाला कळवतो. दक्षिण मध्य रेल्वेने ज्या १,४६५ किलोमीटरवर ते सर्वांत आधी बसवलं, त्यात मराठवाडा मोठा आहे. ९५९ किलोमीटरच्या मनमाड–मुदखेड–डोण–गुंतकल पट्ट्यात छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड येतात, आणि २४१ किलोमीटरच्या बिदर–परळी वैजनाथ–परभणी मार्गावर उदगीर आणि लातूर रोड. देशातल्या बड्या मार्गांच्या आधी जालन्या-परभणीची गाडी या परीक्षेला बसली.

माहीत नाही, म्हणजे लाल

रेल्वेला एक जुनी शहाणीव आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांतून सतत थोडा विद्युतप्रवाह सोडायचा, आणि तो पलीकडे पोहोचत राहिला तरच रूळ मोकळा मानायचा. गाडी आली की तिच्या चाकांतून प्रवाह आखूड रस्ता धरतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. पण सौंदर्य पुढे आहे. रूळ तुटला, तार निसटली, बॅटरी संपली, तरीही रिले पडतो आणि लालच होतं. म्हणजे यंत्राचं अज्ञान आपोआप धोक्याच्या बाजूला मोजलं जातं.

सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट आपोआप होत नाही. तारेतून प्रवाह गेला की गेला. संगणकाच्या स्मृतीत मात्र कालची माहिती आजच्यासारखीच ताजी दिसते. २३ जुलै २०११ रोजी चीनमधल्या वेनझोऊजवळ हेच घडलं. विजेच्या तडाख्याने नियंत्रण उपकरणातला फ्यूज गेला, आणि बिघडलेल्या उपकरणाने बिघाडापूर्वीची स्थिती धरून ठेवली: मार्ग मोकळा आहे. रुळावर गाडी उभी असताना मागच्या गाडीला हिरवा मिळाला. ४० जणांचा जीव गेला. ‘माहीत नाही’चं भाषांतर त्या उपकरणाने ‘सगळं ठीक’ असं केलं होतं. आज कुठल्याही परीक्षकाच्या यादीत हा प्रश्न असायलाच हवा: माहिती यायची थांबली, तर शेवटची माहिती किती सेकंद खरी मानणार, आणि त्यानंतर काय?

दुसरा धडा बालासोरचा. २ जून २०२३ रोजी बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर उभ्या मालगाडीवर आदळली. मृतांचा आकडा तीनशेच्या घरात गेला. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमध्ये केलेल्या बदलातली चूक पुढे आली. सांधा लूपकडे, सिग्नल मात्र मुख्य मार्गाचा हिरवा. त्या मार्गावर कवच नव्हतं. असतं तरी ते सिग्नलची माहिती इंटरलॉकिंगकडूनच घेतं, आणि तिथेच खोटं सांगितलं जात होतं. यंत्राची परीक्षा कितीही कडक घेतली, तरी त्याच्या कुंपणाबाहेरचं सगळं खरं मानूनच ती घेतलेली असते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी कोसळलेल्या दगडांवर घसरली आणि पन्नासच्या वर माणसं गेली. दगडाच्या अंगावर रेडिओ नसतो. त्यामुळे चांगला तपासनीस सॉफ्टवेअर उघडण्याआधी विचारतो, की कुंपण कुठे घातलंय आणि बाहेरच्या कोणत्या गोष्टीवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतोय.

बदल झाला की पेपर पुन्हा

१६ जुलै २०२४ रोजी आरडीएसओने कवचच्या ४.० आवृत्तीला मंजुरी दिली. जागा ओळखण्यात जास्त अचूकता, मोठ्या यार्डांत सिग्नलची सुधारलेली माहिती, स्थानका-स्थानकांत ऑप्टिकल फायबरवरून संवाद, असे तिच्यातले बदल आहेत. दिल्ली–मुंबई मार्गातल्या मथुरा–कोटा टप्प्यावर ती जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. मराठवाड्यात आधीची आवृत्ती वर्षानुवर्षं चालली होती, मग नवीची परीक्षा इतकी लांब का?

याचं उत्तर ४ जून १९९६ च्या एरियान-५ रॉकेटने दिलं आहे. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियान-४ वर उत्तम चाललेलं, तेच पुढे घेतलं. नवं रॉकेट सुरुवातीलाच जास्त वेगाने आडवं सरकायचं. तो मोठा आकडा १६ बिटांच्या छोट्या जागेत मावला नाही, संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणकही त्याच कारणाने बंद पडला, कारण त्यातही तोच कोड होता. उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट फुटलं. जुन्या गावात पास झालेलं सॉफ्टवेअर नव्या गावात नापास होऊ शकतं, आणि दोन संगणकांना एकच चूक शिकवली तर दोघांचं एकमत धोक्याचं ठरतं.

परीक्षा स्वतःही जोखमीची असते. सप्टेंबर २००४ मध्ये मडगावला कोकण रेल्वेच्या, उंच मार्गाला लटकून धावणाऱ्या स्कायबसच्या चाचणीत डबा खांबावर आदळून एकाचा जीव गेला. म्हणूनच जे टेबलावर बिघडवून पाहता येतं ते रुळावर बिघडवायचं नाही, हा नियम आहे.

सातिवलीच्या पूर्वेचा रस्ता

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात रेल्वेला एक मोठी सवलत आहे. शंका आली तर थांब, हे उत्तर तिथे जवळजवळ नेहमी चालतं. मागून येणाऱ्या गाडीला सिग्नल अडवतो. सातिवलीच्या पश्चिमेला रूळ आहेत, तिथे हे खरं आहे. पूर्वेला मुंबई–अहमदाबाद महामार्ग आहे, तिथे नाही. भरधाव ट्रेलरच्या पुढे मधल्या लेनमध्ये एखादी स्वयंचलित मोटार शंका आली म्हणून जागीच उभी राहिली, तर तिचा सुरक्षित उपायच अपघात ठरेल.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत हे दिसलं. दुसऱ्या मोटारीने उडवलेली एक पादचारी स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, थांबलीही. मग बाजूने धक्का बसलाय असा चुकीचा अर्थ लावून, वाहतुकीला अडथळा नको म्हणून ती रस्त्याच्या कडेला जाऊ लागली, आणि त्या स्त्रीला सुमारे सहा मीटर फरपटत नेलं. कडेला घेणं हीच तिला शिकवलेली सुरक्षितता होती.

त्याच्या आधी, १८ मार्च २०१८ ला अॅरिझोनातल्या टेंपी इथे उबरच्या चाचणी-मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. चौकशी अहवालातले तपशील आतापर्यंतच्या सगळ्या धाग्यांना एकत्र आणतात. यंत्राने तिला ५.६ सेकंद आधी पाहिलं होतं. पण कधी अनोळखी वस्तू, कधी वाहन, कधी सायकल, असं ते ठरवत राहिलं आणि दर वेळी आधीचा माग टाकून देत राहिलं. विनाकारण ब्रेक लागू नयेत म्हणून प्रतिसाद एक सेकंद रोखून धरण्याची सोय त्यात केलेली होती. दुसरा रकाना कमी करायला गेले आणि पहिला उघडा पडला. आणि झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या रचनेत धरलीच नव्हती.

वसईच्या महामार्गावर तर तोच नेहमीचा प्रकार आहे. दुभाजकाच्या फटीतून माणूस येतो, दुचाकी उलट दिशेने येते, पावसात पट्टे दिसत नाहीत, खड्डा पाण्याखाली असतो. गाडी नुसती चालवून हे सगळं गाठता येणार नाही. अमेरिकेत माणसाइतकी सुरक्षितता सिद्ध करायला एकही जीवघेणा अपघात न होता सुमारे ४४ कोटी किलोमीटर धावावं लागेल, असा रँड संस्थेचा २०१६ चा हिशेब आहे; शंभर मोटारी अखंड धावल्या तरी साडेबारा वर्षं. म्हणून मोटारींच्या जगातही आता दोन प्रश्नपत्रिका आहेत. आयएसओ २६२६२ विचारतं, यंत्र बिघडलं तर काय; आयएसओ २१४४८ विचारतं, यंत्र ठणठणीत असूनही परिस्थिती त्याच्या समजेपलीकडची निघाली तर काय.

पहिली प्रश्नपत्रिका कुठल्याही देशात बरीचशी सारखी काढता येते. चाकाचा व्यास आणि उडालेला फ्यूज सगळीकडे सारखेच. दुसरी मात्र त्या त्या रस्त्यावर बसूनच काढावी लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे, इथल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत जगभरच्या मोटारींचा कोड तपासणारे हजारो मराठी तरुण आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तरी महामार्गावर ट्रक चालवणाऱ्याला, टोइंगवाल्याला, वाहतूक पोलिसाला विचारून ती प्रश्नांची यादी लिहावी लागेल. टेंपीला यादीतून एक ओळ राहिली होती. आपल्याकडच्या यादीत ती सर्वांत वर असेल.